वाकडमान्याचा उन्हाळा

बँकेतून निवृत्त झालेल्या साहेबांचा गडद लाल गुलाब कडेकडेने करपला, तेव्हा पारेकाकांना जो आनंद झाला तो स्वतःच्या मुलाला नोकरी लागली त्या दिवशीही झाला नव्हता, असं काकू अजून सांगतात. काका गच्चीवरून खाली आले, हात धुतले, चहा मागितला आणि कप रिकामा होईपर्यंत गालातल्या गालात हसत राहिले. मग "करपला" एवढंच म्हणाले. कोण, काय, कुठे, हे काकूंनी विचारलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना कळून चुकलं होतं की नवऱ्याचा चेहरा असा उजळला की कुणाचं तरी काहीतरी बिघडलेलं असतं.

पारेकाका हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. डोंगरावरच्या एका थंड गावात, हवामान खात्याच्या वेधशाळेत ते चौतीस वर्षं निरीक्षक होते. ठरलेल्या वेळी पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीचं दार उघडायचं, आतल्या तापमापकांचा पारा वाचायचा, वहीत आकडा लिहायचा आणि दार लावायचं. हे काम ते अशा तोऱ्यात करत की पारा त्यांच्या परवानगीनेच चढतो असं बघणाऱ्याला वाटावं. त्यांचा स्वतःचा पाराही तितकाच वक्तशीर होता, त्यामुळे हे नाव नेमकं कशावरून पडलं याचा निकाल कधी लागला नाही. पुढे त्या गावातल्या चढउतारांपुढे काकूंच्या गुडघ्यांनी हात टेकले आणि दोघं खाली सपाटीवरच्या, भट्टीसारख्या तापणाऱ्या शहरात राहायला आले. तिसऱ्या मजल्यावर तीन खोल्या आणि वर सगळ्यांची मिळून एक गच्ची. पहिल्याच दुपारी काका गच्चीवर तापमापक घेऊन गेले, परत आले आणि म्हणाले, "याला हवामान म्हणत नाहीत. याला गलथानपणा म्हणतात."

शहरात पाय ठेवताच त्यांना दुसरा शोध लागला तो असा, की इथली माणसं गुलाब लावतात. बिल्डिंगीत आणि आसपास मिळून सात जणांचं एक गुलाबप्रेमी मंडळ होतं. काका पहिल्या सभेला गेले ते या सातही जणांबद्दलचं आपलं मत पक्कं करून आले. बँकेतले साहेब पुस्तकातले फोटो बघून रोपं मागवत. ते फोटो थंड देशातल्या फुलांचे. तिथे त्या लालभडक जाड पाकळ्यांना कोवळं ऊन मिळतं. इथे दुपारी दोनला त्या पाकळ्या, वर तापलेली इस्त्री विसरून राहिलेल्या कापडासारख्या काळ्या पडतात. निवृत्त मुख्याध्यापकांना जास्त पाकळ्यांचा सोस. साठसाठ पाकळ्यांच्या त्यांच्या कळ्या दमट महिन्यांत उघडायचं नावच घेत नसत, बंद मुठीसारख्या फुगून आतल्या आत सडत. मुख्याध्यापक मात्र रोज सकाळी समोर उभे राहून "आज उमलेल" म्हणत. दातांच्या डॉक्टरांचे पिवळे गुलाब तेवढ्याच दमट हवेत काळ्या ठिपक्यांनी भरून जात आणि महिन्याभरात अंगावर एक पान ठेवत नसत. काका या सगळ्यांकडे एखाद्या शस्त्रवैद्याने गावठी वैदूकडे बघावं तसे बघत. त्यातलं खरं दुखणं हे की ते बरोबर असत. ज्या हवेत जो गुलाब जगतो तोच लावावा, ही त्यांची शिकवण सोळा आणे खरी होती. ती शिकवताना समोरच्याला मूर्ख म्हणायची गरज नव्हती, एवढंच.

मंडळाच्या बाहेर आणखी एक बाई होती. तिला काका मूर्खसुद्धा म्हणत नसत, कारण त्यासाठी तिची दखल घ्यावी लागली असती. तळमजल्यावर राहणारी ही बाई दारंखिडक्यांचे पडदे शिवून द्यायची. सगळे तिला पडदेवाली म्हणत. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या पूर्वेला, टाकीच्या सावलीत तिने तेलाच्या रिकाम्या डब्यांत चारपाच गुलाब लावले होते आणि उन्हाळा सुरू झाला की त्यांच्यावर उरलेल्या जाळीच्या पडद्यांचं छत बांधायची. खत म्हणून चहाचा चोथा. काकांनी पहिल्या वर्षीच निकाल दिला होता. "गुलाबांना पडद्यात ठेवते. उद्या त्यांना चप्पल घालेल."

आता काकांच्या स्वतःच्या गुलाबाकडे वळू.

तो एकच होता, आणि तो ताईचा होता. ताई म्हणजे काकांची थोरली बहीण, तिकडे वरच्या गावात शाळेत शिक्षिका होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिने शाळेच्या फाटकापाशी एक गुलाब लावला. नाव कुणालाच माहीत नव्हतं. जर्दाळूच्या रंगाचं, मध्यभागी तांब्याची झाक असलेलं टपोरं फूल यायचं, आणि त्याची प्रत्येक कळी मान एका बाजूला कलती करून उभी राहायची. जणू शेजारच्या घरातलं भांडण ऐकते आहे. म्हणून ताई त्याला वाकडमान्या म्हणायची. शाळा पाडली तेव्हा फाटक गेलं, झाड गेलं. त्याआधी ताईने त्याचे दोन डोळे, म्हणजे फांदीवरचे फुटू पाहणारे कोंब, काढून जंगली गुलाबाच्या खुंटांवर बांधून घेतले होते. गुलाबाची जात नाजूक, मुळं कमजोर, म्हणून खाली दणकट जंगली खुंट आणि वर डोळा भरलेली चांगली जात. दोघांची जिथे गाठ पडते तिथून वर वाकडमान्या, खाली जंगल. एक झाड ताईने अंगणात ठेवलं, दुसरं भावाला दिलं. खाली शहरात येताना काकांनी ट्रकमधल्या सामानात फ्रिज मागे ढकलला आणि वाकडमान्याची कुंडी पुढे, ड्रायव्हरशेजारी, स्वतःच्या मांडीवर घेतली.

आल्यावर त्यांनी ते झाड चौतीस वर्षांच्या शिस्तीने लावलं. म्हणजे अगदी वरच्या गावात लावतात तसं. तिथे हिम पडतं, म्हणून कलमाची गाठ चार बोटं मातीत गाडायची, म्हणजे ती थंडीने मरत नाही. काकांनी गाठ गाडली. या शहरात हिम पडायचं झालं तर आधी सूर्य राजीनामा देऊन जायला हवा, पण हात सवयीने चालतात. वर छाटणी थंडी ओसरताना करतात, काकांनीही थंडी ओसरताना केली, चांगली गुडघ्याखालपर्यंत. इथे थंडी ओसरणं म्हणजे उन्हाळ्याने दार ठोठावणं. उघड्या पडलेल्या फांद्या तीन आठवड्यांत वाळून काड्या झाल्या. कापलेल्या हिरव्या फांद्या काकांनी छाटणीच्या दिवशीच गच्चीवरच्या कचऱ्याच्या पिंपात टाकल्या होत्या. आता त्यांनी वाट बघितली.

आणि फुटवा आला. काय आला म्हणता! मातीतून सरळ वर उसळी मारून, अंगठ्याएवढा जाड, हिरवागार. काकांनी काकूंना ओढत गच्चीवर नेलं, गुडघ्यांसकट. "बघ. कडक छाटणीला झाडाने दिलेलं उत्तर आहे हे."

दुसऱ्या वर्षी त्या फुटव्याला फुलं आली. लहान, पांढरी, झुबक्याझुबक्याने, पाच पाकळ्यांची. आता कुठल्याही साध्या माणसाने म्हटलं असतं की हे काही ताईचं फूल नव्हे. पण काका साधे नव्हते, ते हवामानाचे जाणकार होते. त्यांनी वही काढली. उष्णतेने रंग उतरतो, हे खरं. उष्णतेने फूल लहान होतं आणि पाकळ्या कमी भरतात, हेही खरं. ही दोन सत्यं त्यांनी एकाखाली एक लिहिली आणि खाली रेघ मारून निष्कर्ष काढला: वाकडमान्याने नव्या हवामानाशी जुळवून घेतलं आहे. कळीची मान आता वाकडी का नाही, याचंही उत्तर त्यांच्यापाशी होतं. गारठ्याने आखडायची, आता मोकळी झाली.

एकदा पडदेवाली दांडीवर ओल्या चादरी टाकत होती. ती जवळ येऊन म्हणाली, "काका, याला एकेका देठावर पानं सातसात आहेत. जंगली फुटवा असेल, खालनं तोडा."

सात पानांची खूण अडाण्यांची असते, कित्येक उत्तम जातींना सात पानं असतात, असं काकांनी तिला ऐकवलं. हेसुद्धा खरंच होतं. काकांचं सगळं असं खरं असायचं, फक्त चुकीच्या झाडाबद्दल. वर त्यांनी तिच्या डब्यांकडे बोट केलं. तिथे टाकीच्या सावलीत एक किडकिडीत झाड होतं, त्यावर चारदोन फुलं, फिकट, मळकट पांढऱ्याकडे झुकलेली, दहापंधरा पाकळ्यांची, सकाळी उमलून दुपारी माना टाकणारी. "त्यापेक्षा तुमच्या त्या आजारी माणसाकडे बघा," ते म्हणाले. "धुऊन धुऊन विटलेल्या पडद्यासारखं फूल आहे ते. मी असतो तर उपटून टाकलं असतं." पडदेवालीने चिमटे तोंडात धरले आणि चादरी टाकायला गेली.

फोनवर ताई विचारायची, "वाकडमान्या कसा आहे?"

"डोक्याच्या वर गेलाय."

"रंग?"

"उन्हाने उतरलाय थोडा. तुझं झाड माझ्या झाडापुढे वाळका कांदा आहे."

आणि मग चौथ्या वर्षी वर अशी थंडी पडली की ताईच्या अंगणातला तो वाळका कांदा गाठीसकट मेला. ती म्हातारी, पंचाहत्तरीची, आठवडाभर रोज काडी खरवडून बघत होती, आत कुठे हिरवं दिसतं का. मग तिने फोन केला आणि सांगितलं की मी खाली येते, तुझ्याकडचे डोळे घेऊन जाते. जगात आता वाकडमान्याचं एकच झाड उरलं होतं, आणि ते भावाच्या गच्चीवर डोक्याच्या वर गेलेलं होतं.

काकांनी या प्रसंगाचा समारंभ करायचं ठरवलं. मंडळाच्या सातही जणांना सकाळी गच्चीवर बोलावलं. खुर्च्या मांडल्या. आधी काकांचं व्याख्यान, मग ताईच्या हस्ते पहिली फांदी कापायची. काकूंनी विचारलं, की आधी ताईंना एकटीला दाखवलं तर? काका म्हणाले, जाणकार माणसाला दाखवायला भीती कसली.

ताई आदल्या संध्याकाळी आली, थकून झोपली, सकाळी हळूहळू जिने चढून गच्चीवर आली. व्याख्यान सुरू झालं होतं. काका म्हणत होते की गुलाबाला शिस्त लावावी लागते, लाड केले की तो करपतो, सडतो, ठिपके पाडून घेतो, आणि हे म्हणताना अनुक्रमे साहेब, मुख्याध्यापक आणि डॉक्टर यांच्याकडे बघत होते. ताई खुर्चीत बसली नाही. ती त्या अवाढव्य झाडापाशी गेली, चष्मा वर केला, खाली केला. मग वळून काकूंना म्हणाली, "एक चमचा दे गं."

काकूंनी चहाच्या ट्रेमधला चमचा दिला. ताई कुंडीपाशी बसली आणि बुंध्याभोवतीची माती उकरू लागली. काका बोलतच होते. मंडळी मात्र चमच्याकडे बघत होती. एक बोट, दोन बोटं, चार बोटं खाली गाठ लागली. गाठीच्या वर वाकडमान्याचा वाळून कोळसा झालेला बोटभर थोटका, आणि गाठीच्या खालून, थेट जंगली मुळातून, काकांचं चार वर्षांचं अंगठ्याएवढं कर्तृत्व वर गेलेलं.

"बाळ्या," ताई म्हणाली, "हा खुंट आहे."

काकांचा पारा या वेळी चढला नाही, पडला. आणि पडताना त्यांनी स्वतः कधी नोंदवला नव्हता इतका पडला. त्यांना वाटलं, आता हे सातही जण हसतील, आणि बरोबरच हसतील.

पण मंडळाने त्यांची लाज राखली. कशी, तर अज्ञानाने. बँकेतले साहेब आदराने म्हणाले, "खुंट. वा. सुटसुटीत नाव आहे." मुख्याध्यापकांनी खिशातून डायरी काढून ते लिहून घेतलं आणि विचारलं, ही जात कुठल्या नर्सरीत मिळते. दातांच्या डॉक्टरांनी एक फांदी मागितली. खुंट म्हणजे काय हे सातांपैकी एकालाही माहीत नव्हतं, आणि काका आयुष्यात पहिल्यांदाच कुणाची चूक दुरुस्त न करता उभे राहिले. हसली ती एकटी पडदेवाली, दांडीपाशी. तिच्या तोंडात चिमटे होते, म्हणून आवाज आला नाही.

मंडळी चहा पिऊन, प्रत्येकी एक फांदी घेऊन, धन्यवाद देत गेली. त्यांची पाठ फिरल्यावर ताई खुर्चीत बसली.

"गाठ का गाडलीस?"

"आपल्याकडे गाडतात."

"आपल्याकडे हिम पडतं. इथे काय पडतं?"

ताईने छाटणी कधी केली ते विचारलं, त्यांनी ते सांगितलं. तिने डोळे मिटून घेतले. मग ती जे म्हणाली ते काकूंनी पुढे कुणालाही शब्दशः सांगितलं नाही. आशय असा, की चौतीस वर्षं हवा मोजणाऱ्या माणसाला आपण ज्या हवेत उभे आहोत ती कळू नये, याला फार अभ्यास लागतो. आवाज चढवला नाही. शेवटी फक्त एवढं बोलली, "म्हणजे संपला तो." आणि चमचा पदराला पुसून ट्रेमध्ये ठेवला.

काकांना काहीतरी म्हणायचं होतं, पण आकड्यांशिवाय बोलायची सवय नव्हती. ते नुसते त्या थोटक्याकडे बघत उभे राहिले. ट्रकमध्ये मांडीवर धरलेलं झाड ते हेच, हे त्यांना आता पटत होतं, आणि पटणं त्यांना नेहमीच जड जायचं.

ताई जायला उठली ती जिन्याकडे न जाता टाकीकडे वळली. सावलीत जरा टेकावं म्हणून असेल. तेलाच्या डब्यांपाशी ती थांबली, वाकली आणि तशीच वाकून राहिली. त्या किडकिडीत झाडावर कोवळी पानं फुटली होती, तांबूस रंगाची. बाजूला एक बंद कळी होती आणि तिची मान एका अंगाला कलली होती.

"हे कुठून आणलंस गं?" ताईने पडदेवालीला विचारलं.

पडदेवालीने तोंडातले चिमटे काढले. "आणलं नाही, मावशी. काकांनी टाकलेलं. त्या पिंपात फांद्या होत्या, चार वर्षं झाली. तीन काड्या खोचल्या डब्यात, एक जगली. फूल बारकं येतं, पण वास सकाळी गोड असतो."

ज्या फुलाला काका विटका पडदा म्हणाले होते, ते ताईच्या शाळेच्या फाटकावरचं फूल होतं. उष्णतेने रंग उतरतो, फूल लहान होतं, पाकळ्या कमी भरतात: वहीतलं प्रत्येक वाक्य अक्षरशः खरं होतं, आणि ते दहा पावलांवर टाकीमागे उभं होतं. काका पुढे आले. त्यांनी कळी बघितली, पानं बघितली, खिशातला चाकू काढला आणि घसा खाकरला. "मी कापतो. डोळे कसे काढायचे त्याला एक पद्धत असते."

"काकांनी हात लावायचा नाही," पडदेवाली म्हणाली.

हे ती रागाने म्हणाली नाही. दुधाच्या पातेल्याजवळ मांजर आल्यावर माणूस म्हणतो तसं म्हणाली. "मावशी, तुम्हाला हव्या तेवढ्या फांद्या घ्या. सगळं झाड घ्या. पण चाकू त्यांच्या हातात नको. उपटून टाकलं असतं म्हणत होते."

ताईने भावाकडे हात पसरला. काकांनी चाकू दिला. मग त्यांना एक ओलं फडकं धरायला सांगण्यात आलं, आणि ते त्यांनी धरलं, दोन्ही हातांनी, वेधशाळेतली काचेची नळी धरावी तसं. ताईने चार फांद्या कापल्या, पानं काढली, एकेक फडक्यावर ठेवली. मध्येच काका म्हणाले, वर थंडीत याचा रंग परत येईल. ताई म्हणाली, फडकं सरळ धर.

रंग परत आला. पुढच्या हंगामात ताईचा फोन आला: चारांपैकी दोन डोळे धरले, पहिलं फूल उमललं, जर्दाळूच्या रंगाचं, आत तांबं, आणि मान तशीच वाकडी. काकांनी फोन ठेवून काकूंना सांगितलं, "मी म्हटलंच होतं." काकूंनी भाजी निवडत त्यांच्याकडे एकदाच बघितलं. तेवढ्यात जे सांगायचं ते सांगून झालं.

ते अवाढव्य झाडही वाया गेलं नाही. पडदेवालीने एक दिवस येऊन सरळ विचारलं, की तुमच्या जंगलाच्या जाड काड्या द्या, मला खुंट हवेत. दणकट आहे, इथलं ऊन सोसतं, त्यावर मी वाकडमान्या बांधते. काकांनी आधी नाक मुरडलं, मग काड्या कापून दिल्या, एका मापाच्या, टोकं तिरकी छाटून, आणि प्रत्येक काडीला लेबल लावून. तिने लेबलं काढून टाकली. त्यातलं एक कलम तिने काकांच्या दारात आणून ठेवलं. वर चिठ्ठी नव्हती, फक्त गाठ मातीच्या दोन बोटं वर होती आणि शेजारी जाळीच्या पडद्याचा एक तुकडा घडी करून ठेवलेला होता.

तो पडदा आता उन्हाळ्यात काकांच्या कुंडीवर असतो. त्याला ते पडदा म्हणत नाहीत, छायाजाळी म्हणतात.

गेल्या थंडीत बँकेतल्या साहेबांनी नवं रोप आणलं, परत पुस्तकातलं, आणि काकांना विचारायला आले. लावून झालं होतं. काका वाकले, बोटाने माती बाजूला केली, गाठ सापडली. चार बोटं खाली.

काकांनी हळूच पाठ सरळ केली. त्यांचा चेहरा असा उजळला की दारातून बघणाऱ्या काकू जागच्या जागी थांबल्या.

"साहेब," काका म्हणाले, "या हवेत जो माणूस गाठ मातीत गाडतो ना, त्याला गुलाब म्हणजे काय हेच कळलेलं नसतं. अशी माणसं मी जवळून पाहिलीत."

साहेबांनी मान डोलावली. काकू आत गेल्या, आणि तोंडात पदर धरून हसल्या.